बेहड्याखालच्या सात्या

बाई,

ब्लॉग म्हणजे काय ते तुम्हाला आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी तुम्ही लावलेलं भित्तिपत्रक आठवा. हिरवा फळा, त्याला टाचण्यांनी लावलेले आमचे निबंध, आणि पाऊस तिरपा आला की खालच्या दोन ओळींची होणारी निळी रबडी. ब्लॉग म्हणजे तेच, फक्त भिंत नसते. मोबाईलमध्ये फळा उघडतो, आणि तो आपल्या कोरपन्यात दिसतो तसाच हैदराबादलाही दिसतो. वाचणाऱ्याला खाली दोन ओळी लिहिता येतात. आपल्या फळ्यावरही कुणीतरी पेन्सिलीनं ‘मस्त हाये’ लिहून पळायचं, आणि तुम्ही ते कुणाला पुसू द्यायच्या नाहीत. मी आता गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात आठवी-नववीला मराठी शिकवते, आणि गेली तीन वर्षं माझ्या वर्गाचा असा एक ब्लॉग आहे. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली. तुम्हाला हे दाखवायचं राहिलं, असं अधूनमधून वाटत होतं. या पावसाळ्यात जे झालं, त्यानंतर मात्र तुम्हाला सांगायलाच हवं असं वाटू लागलं, कारण त्यात थोडा दोष तुमचाही आहे.

आठवीत मी ‘माझा आवडता देखावा’ म्हणून समुद्र लिहिला होता. फेसाळणाऱ्या लाटा, सोनेरी वाळू, क्षितिजावर शिडाची होडी. सगळं गाईडमधलं. तुम्ही वही उघडी धरलीत आणि भर वर्गात विचारलंत, “समुद्र कधी पाहिलास?” मी नाही म्हणून मान हलवली. “मग ही होडी कोणी पाहिली, तुझ्या बाबांनी?” वर्ग हसला. बाबा सिमेंटच्या कारखान्यात पोती भरायच्या मशीनवर होते आणि त्यांनी चंद्रपूरच्या पलीकडे काहीच पाहिलं नव्हतं, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत होतं, कारण त्यांचेही बाबा तिथेच होते. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “तुमच्या घरामागच्या पऱ्हाटीवर कारखान्याची धूळ बसते. पाऊस आला की ती जाते, का राहते? ते लिही. झाड म्हणू नको, कोणतं झाड ते सांग. रस्ता म्हणू नको, कुठून कुठे जातो ते सांग. नेमकं लिही.” मी घरी जाईपर्यंत रडले आणि घरी गेल्यावर त्या कपाशीच्या पानांवर बोट फिरवत बसले. धूळ जाते, पण शिरांच्या खाचांत राहते. एवढंच लिहिलं. ते फळ्यावर लागलं. मी लिहिलेलं पहिलं खरं वाक्य बहुधा तेच.

मग दर रविवारी तुमच्या भाड्याच्या खोलीत मला बोलावणं येऊ लागलं, सुवाच्य अक्षरात भित्तिपत्रक उतरवायला. मी चुलीशेजारी पाटावर कागद ठेवून लिहिते आहे, तुम्ही भाकरी थापता आहात, आणि भाकर फुगली की विचारता आहात, “वास कशासारखा आला? चांगला म्हणू नको.” एकदा मी म्हटलं, उन्हात तापलेल्या पोत्यासारखा. तुम्ही इतक्या हसलात की पुढची भाकर करपली. करपलेली तुम्ही घेतलीत आणि चांगली मला दिलीत. चंद्रपूरला कॉलेजात जायच्या आदल्या दिवशी तुम्ही पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही हातात ठेवलीत. एका बाजूला जुन्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका, दुसरी बाजू कोरी. माझी पहिली डायरी ती. तेव्हापासून रोज लिहिते, आणि रोज आदल्या दिवशीच्या पानावर शंका घेते. ही सवय तुमची नाही, माझीच आहे.

ब्लॉगची रीत मी तुमच्याच फळ्यावरून घेतली. मुलं वहीत लिहितात, मी लाल शाईनं प्रश्न विचारते, ती पुन्हा लिहितात, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही ते मोबाईलवर चढवतो. शाळेत रेंज येत नाही. ती तळ्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर येते. त्यामुळे दर शनिवारी मराठीची बाई आणि दहा-बारा मुलं पाळीवर हात उंच करून उभी, असं दृश्य असतं. बैल धुवायला आलेले लोक विचारतात, “काय मॅडम, आज काय छापून राह्यल्या?” मुलांची बोली मी तशीच ठेवते. पहिल्या वर्षी ठेवावी की नाही यावर डायरीची अकरा पानं खर्च केली होती, ती तुम्हाला वाचायला लावत नाही.

नववीत एक मुलगी आहे. तिच्या घरचे पिढ्यान् पिढ्या तळ्यावर डोंग्यातून मासे धरतात. आई-वडील हैदराबादला बांधकामावर गेलेले, ही आजीजवळ. आठवीच्या अख्ख्या वर्षात तिनं माझ्या वर्गात आपणहून एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. परीक्षेत निबंध चार ओळींचा. मागच्या उन्हाळ्याआधी तिनं पाच ओळी लिहिल्या: आजी जाळं ओढताना डोळे मिटते, आणि दोरीला आलेल्या झटक्यावरून मासा कोणता ते सांगते. मी ते चढवलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली तीन शब्द आले होते. “वाचलो. आणखी लिवजो.” तिच्या वडिलांचे. सोमवारी मी तिला दाखवलं. तिनं मोबाईल दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “मॅडम, पप्पानंच लिवलं ना? का तुमीच?” मी त्यांचं नाव दाखवलं. त्यानंतर ती दर आठवड्याला लिहू लागली. वडील फोनवर फारसे बोलत नाहीत म्हणे, जेवलीस का एवढंच विचारतात. इथे मात्र ते प्रश्न विचारायचे. डोंग्याला डांबर लावलं का? पाळीवरचा मोह फुलला का? आणि ही पुढच्या शनिवारी उत्तर द्यायची. दोघांचं बोलणं माझ्या ब्लॉगवरून चाललं होतं, बाई. त्या पोरीची वही हातात आली की मी चष्मा पुसून घ्यायची.

आता सात्यांचं सांगते. आपल्याकडे पऱ्हाटीच्या मुलखात त्या कुणाला ठाऊक नाहीत. मलाही इथे बदली होऊन आल्यावर कळल्या. श्रावणात वारुळांवर उगवणारी पांढरी रानअळंबी. उमलायच्या आत खुडायची, आणि त्याच दिवशी रांधायची. तिची चव लागली की माणूस मटणाचं नाव काढत नाही. ती दरवर्षी त्याच जागी येते, आणि ज्याला जागा ठाऊक तो ती कुणाला सांगत नाही. सख्खे शेजारीही एकमेकांना “कुठी सापडल्या?” असं विचारत नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “जंगलात.” हे मला माहीत होतं. निदान माहीत असायला हवं होतं. नऊ वर्षं झाली मला इथे.

पोरीनं लिहून आणलं: ‘जंगलात एका झाडाजवळ आम्हाला सात्या सापडतात.’ मी लाल पेन घेतलं आणि तुमच्यासारखी सुटले. कोणतं झाड? कुठून जायचं? कुठे वळायचं? नेमकं लिही. ती दोन दिवस वही घेऊन आलीच नाही. मला वाटलं, आळस. तिसऱ्या दिवशी आणली, आणि काय लिहिलं होतं! पाळीखालची पायवाट, नाला, नाला ओलांडला की तिसरं येनाचं झाड, त्याच्या मागचं वारूळ, वारुळाच्या सावलीतली बाजू. आजी ओलं गवत पायानं बाजूला करते, हातानं नाही. लोखंड लावत नाही. शेवटच्या चार सात्या ठेवून वर पानं पसरते. मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. वर्ग एकदम गप्प झाला. मला वाटलं, लिखाणाच्या ताकदीनं. शनिवारी चढवलं, आणि कुणीतरी ते तालुक्याच्या ग्रुपवर पुढे पाठवलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत आजी शाळेत आली. डोक्यावर मासळीची टोपली तशीच. “कोनती मॅडम हाये ते मोबाईलवाली?”

मी पुढे झाले.

“काऊन वो मॅडमबाई, माह्या सासूनं ते जागा मले लगनाले चार वर्षं झाल्यावर दाखवली. चार वर्षं! तवरीक मी नुसत्या साफ करो अन् रांधो. पोट्टीले तं दाखवाच नाई म्हनत, ते दुसऱ्याच्या घरी जाते. मी तरी दाखवली. अन् तुमी साऱ्या दुनियेले सांगून मोकळ्या?”

“दुनियेला नाही आजी, आपल्या वर्गाच्या—”

“दुनिया नाई तं काय? काल चार फटफट्या आल्या. एकानं तं खोदाले सब्बल आनली. वारुळाले सब्बल लावते का कोनी मानूस?”

मुख्याध्यापक बाहेर आले. ते इथलेच, स्वभावानं भले, पण कटकट नको असणारे. “मॅडम, मी आधीच म्हटलं होतं ना तुम्हाले. पुस्तकात काही कमी हाये का? बंद करा ना ते.”

आणि मग मी जे बोलले ते डायरीत लिहायलाही मला दोन दिवस लागले. मी म्हटलं, “आजी, तिनंच तसं लिहून आणलं होतं.” शब्दशः खोटं नव्हतं. पोरगी खांबाशी उभी होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली. आजीनं वळून तिच्याकडे पाहिलं आणि ती टोपली सावरत निघून गेली.

त्या शनिवारी पोरीची वही कोरी होती. पुढच्याही. “मॅडम, मले नाई येत लिवाले.” तिच्या वडिलांनी जुन्याच लेखाखाली लिहिलं होतं, “या हप्त्यात काऊन नाई?” ते वाक्य मी दिवसातून कितीदा पाहिलं ते सांगत नाही. मला कळत होतं की ब्लॉग बंद करणं सोपं आहे, मुख्याध्यापकही खूश होतील, आणि दोनच माणसांचं बोलणं तुटेल. एक हैदराबादला, एक इथे. आणि ते मी तोडलेलं असेल, एका वाक्यानं. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत, असा विचार करून पाहिला. पण तुम्ही ते वाक्य मुळात बोललाच नसता, त्यामुळे काही मदत झाली नाही.

शेवटी एका संध्याकाळी तिच्या घरी गेले. आजी अंगणात जाळं सांधत बसली होती. तिनं बस म्हटलं नाही. मी पोरीला तीच वही आणायला लावली आणि म्हटलं, “लाल शाईतलं वाच. मोठ्यानं.” ती वाचायला तयार नव्हती. आजी म्हणाली, “वाच ना, म्हनून राह्यल्या तं.” पोरगी वाचू लागली. कोणतं झाड. कुठून जायचं. कुठे वळायचं. नेमकं लिही.

“हे कोनं लिवलं?”

“मॅडमनं.”

“अन् तू पहिले काय लिवलं होतं?”

“जंगलात एका झाडाजवळ.”

आजीनं जाळं मांडीवरून खाली ठेवलं. “म्हन्जे माही पोट्टी चोर नोहोय. चोर तं तुमी हाये, मॅडमबाई.”

“हो,” मी म्हटलं. “आणि त्या दिवशी शाळेत मी ते तिच्यावर ढकललं. त्याचीच माफी मागायला आले.”

म्हातारीनं भांडणाची तयारी केली होती, ती वाया गेली. ती एकदम हसली. पुढचे दोन दात नाहीत, पण हसू भलं मोठं. “अरे बाप्पा, हे तं लगेच मानून गेली! बसा. चहा मांड वो पोट्टी.” चहा होईपर्यंत तिनं विचारलं, “आनखी काय काय लिवलं माह्या नावानं?” मग पोरीनं सगळे लेख एकामागून एक वाचून दाखवले, वडिलांचे प्रश्न आणि आपली उत्तरं यांसकट. आजी मधेमधे दुरुस्त्या करत होती. “मी डोये मिटत नाई, घामानं मिटते ते.” “डोंग्याले डांबर पोळ्याच्या आधी लावते, बाद नाई.” आपल्या मुलाचा शेवटचा प्रश्न ऐकल्यावर तिनं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाली, “त्याले सांग, लिवते म्हना पोट्टी. फक्त मले पहिले वाचून दाखवाव.”

तोच नियम झाला. आता घरच्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय काही चढवायचं नाही. तीन वर्षांत हे मला सुचलं नव्हतं, याची लाज वाटते. मुख्याध्यापकांना मी कागदावर लिहून दिलं की पुढची जबाबदारी माझी. ते म्हणाले, “पाहा बा, तुमचं तुम्ही.” आणि कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला.

पोळा झाल्यावरच्या आठवड्यात वही भरून आली. पुन्हा सात्याच. मी दचकले. आजी म्हणते, जुनी जागा तर लोकांनी उकरली, आता ही दुसरी लिहून टाक, असं पोरीनं सांगितलं. लेख असा होता (बोडी म्हणजे इथे लहान तळं): ‘बोडीच्या पाळीवरून उगवतीकडे जा. पाळ संपते तिथे बेहडा आहे, त्याच्या खोडाला वाकडी गाठ आहे. गाठीच्या समोर वीस पावलं मोजा. तिथलं वारूळ कमरेएवढं आहे. त्याची माती तांबडी नाही, राखाडी आहे. पाऊस थांबून दोन दिवस झाले की तिसऱ्या सकाळी जा.’ लाल पेन उचलावं असं एकही वाक्य नव्हतं. मी तीनदा विचारलं, “आजीला वाचून दाखवलंस?” “आजीनंच तं सांगतलं, मॅडम. मी नुसतं लिवलं.” चढवलं.

पाऊस थांबून तिसरा दिवस रविवारी आला. वाघाच्या भीतीनं इथे सकाळी लवकर कुणी रानात पाय ठेवत नाही. मी चांगलं ऊन चढल्यावर गेले. बेहडा होता. वाकडी गाठ होती. वीस पावलांवर कमरेएवढं राखाडी वारूळ होतं. त्याभोवती शेजारच्या गावचे दोघे, आणि स्टीलचा झाकणाचा डबा हातात घेतलेले आमचे मुख्याध्यापक.

“मॅडम, तुमी इथी?”

“खात्री करायला आले, सर. चढवलेलं बरोबर आहे का ते.”

“हो ना,” डबा मागे नेत ते म्हणाले, “मी बी तेच.”

वारुळावर मुंग्यांशिवाय काहीही नव्हतं. आम्ही चौघंही, एकमेकांकडे न पाहता, एक फेरी मारून परतलो. पाळीवर आजी जाळं धूत होती. तिनं मान वर केली नाही. “सापडल्या का वो मॅडमबाई?” मुख्याध्यापकांनी फटफटीला किक मारली, ती तिसऱ्या खेपेला सुरू झाली.

सोमवारी लेखाखाली हैदराबादहून ओळ आली होती. “त्या बेहड्याखाली आईनं मलेबी लहानपनी दोनदा पाठवलं होतं.” पोरीनं ती वाचली आणि वर्गात, माझ्यासमोर, मोठ्यानं हसली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “तुला ठाऊक होतं?” “नाई मॅडम. पन लिवता लिवता वाटून राह्यलं होतं, आजी इतकं सांगत नाई कोनाले.” मग म्हणाली, “काढाव लागन का ते?”

बाई, मी ते काढलेलं नाही. दोन आठवडे झाले, डायरीत दोन्ही बाजू मांडून झाल्या. शिक्षिकेनं ठाऊक असलेलं खोटं फळ्यावर ठेवू नये. पण झाड खरं, गाठ खरी, माती खरी. आजीच्या मुलाला आपलं लहानपण सापडलं तेही खरं. आणि ती पोरगी आता आठवड्याला दोन लेख लिहिते. तुम्ही फळ्यावरून ते उतरवलं असतं का, हे मला खरंच ठरवता येत नाही. कदाचित तुम्ही आजीलाच भेटायला आला असतात, आणि तुम्हा दोघींत मला चहा करायला लावलं असतं.

मुलं म्हणतात, तुम्ही पण लिहा ना मॅडम काहीतरी, नेहमी आम्हीच का? हे पत्र चढवावं असं एकदा मनात आलं होतं. चढवणार नाही. आजीला आधी वाचून दाखवावं लागेल, आणि तिनं रविवारचं विचारलं तर खोटं बोलता येणार नाही. खात्री करायला गेले होते हे खरं आहे. पण खांद्यावरच्या पर्समध्ये घडी करून ठेवलेली कापडी पिशवी होती, बाई. मोठी.